फांदी धरणारा हात

पिंपळानं परत तोच चावटपणा सुरू केलाय. माघात पाचोळा ढाळून नागडा उभा होता तेव्हा बरा होता बिचारा. माझं दुःख त्याला कळतंय असं वाटायचं. आणि आता फाल्गुन सरतो न सरतो तोच अंगभर तांबूस पालवी फोडून बसलाय. सकाळी आठच्या उन्हात एकेक पान आतून दिवा लावल्यासारखं दिसतं. बालाघाटाचा सगळा माळ करपून गेलेला, गवताची काडी शिल्लक नाही, आणि ह्या एकट्याला एवढं नटायचं काय अडलंय? मला राग येतो त्याचा. झाडाचा राग धरणारा माणूस येडाच म्हणायचा, पण येतो त्याला मी काय करू?

मी अंबाजोगाईत एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. सव्वीस वर्षं झाली. श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा. एवढ्या चार शब्दांवर माझा संसार उभा राहिला. हा हंगाम आमच्या गर्दीचा. ऊसतोडीला गेलेली माणसं ह्याच दिवसांत परत येतात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, सगळं एकावर एक रचलेलं. सहा महिने कारखान्यावर अंगावर काढलेलं दुखणं गावात पाय टाकल्याबरोबर वर येतं आणि माझ्या खोलीबाहेर रांग लागते. कुणाची पाठ, कुणाची छाती. पालवी आणि तोडीवाले आमच्याकडं एकदमच येतात. दरवर्षी येतात. ह्या वर्षीही आले. गया आक्का तेवढी नाही.

ती कधी तोडीला गेली नाही. तिच्या शेळ्या होत्या, बारा-पंधरा. आमच्या गावापासून चार-पाच किलोमीटरवर दरीच्या काठाला तिची वस्ती. पौषात गेली. तीन दिवस छाती भरली आणि गेली. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. मला बहीण नाही. असती तर ती अशीच तिरकी बोलली असती, एवढं मात्र खरं.

ती गेली तेव्हा मी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलतो. परत येऊन कामावर हजर झालो त्या दिवशी तिचा नवरा, तात्या, माझ्या रांगेत उभा. टोपी हातात. नंबर येईपर्यंत उभाच राहिला, मला वाटलं ह्याचंही काही दुखतंय. आत आला आणि म्हणाला, "सायब, गया गेली." मग म्हणाला, "परवा दहावा हाय. फोटू न्हाई तिचा. तुमी मागच्या साली दोन म्हैने तिच्यासंगं व्हतात, रोज फोटू काढायचात. तुमच्याकडं आसंल."

"आहे ना," मी म्हणालो. "एक काय, शंभर असतील. उद्या आणून देतो."

तो शब्द अजून माझ्या नावावर बाकी आहे.

तिची माझी पहिली भेट ह्याच खोलीत, तीन वर्षांपूर्वी, असल्याच दिवसांत. बांधावरून घसरून पडली होती. उजवं मनगट वांग्यासारखं सुजलेलं आणि त्यात रुतलेलं चांदीचं जाड कडं. मी म्हणालो, "कडं काढा."

"निघत न्हाई सायब. मह्या आयनं लग्नात घातल्यालं हाय. तवापून काढलंच न्हाई."

काढला तसाच एक्स-रे. फिल्म अर्थातच खराब आली. कडं नेमकं मोडल्या जागेवर, पांढरंफेक, त्याच्याखाली काय झालंय ते देवाला ठाऊक. डॉक्टर माझ्यावर उखडले. मग मी प्लास्टरच्या खोलीतून कटर आणला आणि ते कडं दोन ठिकाणी तोडलं. हाड मोडल्यावर डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई तेव्हा रडली. आवाज न करता, भिंतीकडं तोंड करून. मी तोडलेले तुकडे तिच्या पदरात टाकले आणि म्हणालो, "आता हलू नका." दुसरी फिल्म सुरेख आली. स्वच्छ, नेमकी, शिकाऊ पोरांना दाखवावी अशी.

त्या दिवशी फिल्म बघायच्या पेटीतली ट्यूब फडफडत होती म्हणून मी ओली फिल्म काढल्यासारखी ती चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात धरली. आक्का माझ्या खांद्यावरून डोकावली. डोळे पुसले आणि बघतच राहिली.

"आत आसं आसतंय व्हय?" म्हणाली. "पिंपळाचं कवळं पान उन्हात धरल्यावानी दिसतंय की."

तेवीस वर्षं मी फिल्मा बघत होतो, काय मोडलंय तेवढंच शोधत. असं कुणी मला बोललं नव्हतं. जाताना तिनं ती खराब फिल्म मागितली. असल्या फिल्मा आम्ही खोक्यात टाकून देतो. मी म्हणालो, "ती कशाला? ही चांगली न्या." ती म्हणाली, "चांगली डाक्टरला ऱ्हाऊ द्या." दिली. खोक्यातला तेवढाच कचरा कमी.

दुसऱ्या दिवशी कामावर येताना मी दरीकाठच्या त्या पिंपळाखाली स्कूटर थांबवली. पानाच्या मागं सूर्य, पानाच्या पुढं मी. मोबाइल काढला. त्या दिवसापासून हे येड लागलं.

येड एकट्यानं करायचं म्हणजे लोक हसतात, म्हणून मी आणखी तीन येडे जमवले. वनस्पतिशास्त्र शिकवणारे पवार सर, आमच्या वॉर्डातली रेखा सिस्टर आणि बसस्टँडजवळ फ्लेक्स छापणारा इम्रान. इम्रानला मी पहिला फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला, "दादा, उजेडाकडं तोंड करून फोटो काढायचा नसतो, हे तर दूधपिता पोरगा बी सांगेल." आणि पंधरा दिवसांत हाच पठ्ठ्या दुकान बंद ठेवून करंजाच्या झाडाखाली उताणा पडलेला. मोबाइलवर ग्रुप केला, नाव ठेवलं 'उलटा उजेड'. दर रविवारी प्रत्येकानं एकच फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यातली एकेक चूक सांगायची. 'छान', 'मस्त', अंगठा, फुलं, काही चालणार नाही. ज्यानं 'छान' म्हटलं त्यानं सगळ्यांना भजी खाऊ घालायची. पवार सरांनी आणखी एक नियम घातला: चूक दुरुस्त केलेला फोटो ठेवायचा, नापास झालेला लगेच पुसून टाकायचा. नापास फोटो जवळ ठेवले की डोळ्याला वाईट वळण लागतं म्हणे. मला तो नियम लगेच पटला. माझी सगळी हयात खराब फिल्मा खोक्यात टाकण्यात गेलेली.

आणि खोटं कशाला बोलू, त्या नियमांनी आम्ही सुधारलो. आधी आम्ही काढायचो ते निव्वळ हिरवे डाग होते. "पान बरोब्बर मधोमध ठेवलंय, ओळखपत्राचा फोटो आहे का?" असं रेखा सिस्टर मला म्हणाली तेव्हा दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नव्हतो. पण पान जरा कडेला सरकवलं आणि फोटोत जीव आला. मागं दरीची सावली घ्यायची, म्हणजे पान उठून दिसतं. भिंगावर थेट ऊन येऊ नये म्हणून तळहाताचा आडोसा करायचा. उजेड थोडा कमी ठेवायचा, म्हणजे शिरा दिसतात. मागचा विजेचा खांब काढ, ही सुकलेली काडी काढ, हे अर्धं पान कशाला, तेही काढ. हळूहळू मला उमगलं की चांगल्या फोटोत काय आहे याच्यापेक्षा काय नाही हे महत्त्वाचं. मोठं ज्ञान झाल्यासारखं मी ते सगळ्यांना सांगत सुटलो. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मागच्या वर्षीची पालवी. पिंपळाखाली पोचलो तर शेळ्या आणि त्यांच्या मागं आक्का. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला लोखंडी आकडी. त्यानं फांदी खाली ओढायची आणि शेळ्यांना पाला खाऊ घालायचा. मला बघून तिनं डोळे बारीक केले.

"तुमीच न्हवं का मव्हं कडं तोडणारे?"

मी ओशाळलो. "हात कसा आहे?"

"हाय. थंडीत कुरकुर करतंय. तुमी हितं काय करताव?"

मी तिला फोटो दाखवले. पिंपळाची पालवी वर, उंच; मी खालून काढलेले सगळे फोटो झाडाच्या काखेत डोकावल्यासारखे. तिनं एक नजर टाकली, बांबू उचलला, एक चांगली तुकतुकीत पानांची फांदी आकडीत धरून खाली ओढली आणि दुसऱ्या हातात पकडून माझ्या नाकासमोर आणली. "घ्या. आन्‌ बिगीनं घ्या. ह्या दम धरायच्या न्हाईत."

ह्या म्हणजे शेळ्या. त्यांची एक म्होरकी होती, तिला आक्का 'पुढारीण' म्हणायची, कारण ती आधी खायची आणि मग बाकीच्यांना ढुशी मारायची. मी फोटो काढेपर्यंत पुढारीण मागच्या पायांवर उभी राहून वाट बघायची आणि माझं झालं की आक्का फांदी सोडायच्या आत ते पान तिच्या तोंडात. माझ्या एकूण एक चांगल्या फोटोतलं पान पुढच्या मिनिटाला शेळीनं खाल्लेलं आहे. पवार सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्या शेळ्यांना ग्रुपमध्ये घ्या. त्याच खऱ्या समीक्षक."

दोन महिने. कामावर जाण्याआधी रोज पाऊण तास. चार दिवसांतच 'सायब'चं 'दादा' झालं आणि 'तुमी'चं 'तू'. मला सांगावंही लागेना. ऊन कुठून येतंय ते बघून ती फांदी आपोआप फिरवायची, पानाच्या पाठीवर उजेड येईल अशी, आणि मग अजिबात हलायची नाही. सव्वीस वर्षं मी लोकांना हलू नका म्हणतोय, न सांगता न हलणारं ते एकच माणूस मला भेटलं. उजव्या हातात फांदी धरायची. मोडलेल्याच. ते मनगट थरथरायला लागलं की दात ओठ खाऊन धरायची, पण पान हलू द्यायची नाही. मी विचारलं, "दुखतंय का?" तर म्हणाली, "फोटू काढ. दुखण्याचा फोटू तू तिकडं काढतूस ना?"

ग्रुपवर रविवारी फोटो टाकला की ठरलेलं. "उजव्या कोपऱ्यात आकडी आलीय, कापा." "देठाजवळ बोटं दिसतात." "खालच्या कडेला शेळीचा कान." मी कापायचो. बोटं कापली, आकडी कापली, हिरव्या पदराची कड कापली. पुढं पुढं तर काढतानाच असा उभा राहायचो की ती चौकटीत यायचीच नाही. माझी प्रगती सगळ्यांच्या डोळ्यांत भरली.

ग्रुपवर नसून सगळ्यात नेमकी चूक सांगायची ती आक्का. तिच्याकडं साधा बटणाचा फोन, म्हणून माझ्या मोबाइलवर बघायची. एकदा मी तिला माझा त्या आठवड्याचा सगळ्यात लाडका फोटो दाखवला. काळ्याभोर सावलीवर एकच पान, शिरान्‌शिरा दिसतेय. तिनं बराच वेळ बघितला.

"पान झकास हाय," म्हणाली. "पर देठ कावून कापलास?"

"कडेला गर्दी होत होती."

"गर्दी कशाची? पानाला देठ आसतो, देठाला फांदी आसती. तुही समदी पानं कुणीच न्हाई त्यायला, आशी दिसत्यात. त्याला धरलंय कुनी ते दाव की."

मी ते पवार सरांच्या भाषेत करून ग्रुपवर टाकलं: पानाबरोबर देठ ठेवल्यास रचना पक्की होते. सगळ्यांना पटलं. तिथून पुढं आमच्या सगळ्यांच्या फोटोंत देठ येऊ लागले आणि फोटो खरंच सुधारले. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती नुसती हसली. तिला देठच म्हणायचं होतं असं मी धरून चाललो.

चैत्रातली एक सकाळ. तिनं फांदी धरली होती, मी नेम धरला होता आणि नेमकं बटण दाबलं तेव्हा पुढारीण दरीकडं उधळली. आक्का वळली आणि तिच्या नावानं ओरडली. फोटोत पान जरा हललेलं आणि त्याच्या बाजूला आक्काचा सबंध चेहरा. तोंड उघडं, पुढचे दोन दात पडलेले. मागून ऊन आल्यामुळं पदर पानासारखा पातळ झालेला, आणि कान. कान लालबुंद, आतून पेटलेला, त्यातली बारीक शीरसुद्धा दिसत होती. मला तो फोटो फार आवडला. पण माझ्या आवडीवर माझा विश्वास नव्हता. पारख सगळी मी ग्रुपच्या हवाली केली होती, म्हणून रविवारी तोच फोटो तिथं टाकला.

पवार सरांनी लिहिलं, "विषय एक ठरवा. पान की बाई?" इम्रान म्हणाला, "पान हललंय, दादा." रेखा सिस्टरनं लिहिलं, "चेहरा काढून टाका. लक्ष तिकडंच जातं."

तिघांचंही बरोबर होतं. मी 'मान्य' असं लिहिलं, चेहरा कापला, पान ठेवलं, आणि नियमाप्रमाणं मूळ फोटो पुसून टाकला.

तात्याला शब्द दिला त्या दुपारी मी खोलीची कडी लावून मोबाइल घेऊन बसलो. हजाराच्या वर फोटो. तांबडी पानं, पोपटी पानं, किड्यानं जाळी केलेली पानं, दवाचा थेंब धरलेली पानं. एकाहून एक. मी पुढं सरकवत राहिलो. दहा मिनिटांत येईल, अर्ध्या तासात येईल. बाहेर रांगेतली माणसं दार वाजवत होती. एका फोटोत बांबूचं टोक सापडलं. एकात अंगठ्याचं नख. चैत्रातल्या त्या फोटोत डाव्या कडेला हिरव्या पदराची सुतळीएवढी रेघ राहिली होती, ती माझ्या कात्रीतून चुकून वाचलेली. चेहरा कुठंच नाही. दोन महिने जी बाई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, तिला मी हजार वेळा, एकदाही न चुकता, बाहेर ठेवलं होतं.

मग बाकीच्यांना फोन केले. पवार सर ग्रुप दर महिन्याला साफ करायचे. इम्राननं मोबाइल बदललेला. रेखा सिस्टरच्या फोनमध्ये तो रविवार सापडला. ती धावतच खोलीत आली, आम्ही दोघांनी बघितलं. फोटोच्या जागी एक धुरकट चौकोन होता, मधे बाण. बाण दाबला की फोटो आता मिळणार नाही असं यायचं. त्या धुरात हिरवं काहीतरी आणि तांबडं काहीतरी. आणि त्याच्या खाली तिचंच वाक्य, स्वच्छ, ठळक: चेहरा काढून टाका, लक्ष तिकडंच जातं. सिस्टर माझ्या स्टुलावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. मी तिला म्हणालो, "तुझं काय चुकलं? फोटो मी पुसला." खरं होतं ते. पण रडायला मलाही यायला हवं होतं, ते आलं नाही.

इम्राननं शेवटी तिच्या आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून फ्लेक्स केला. मला दाखवायला बोलावलं. चौकोन चौकोन झालेला एक चेहरा, घाबरलेला, कुणाचाही. "दादा, ह्यात मावशी कुठंय?" इम्रान म्हणाला. मी दहाव्याला गेलोच नाही. रजा नाही म्हणून निरोप धाडला. रजा मागितलीच नव्हती. वस्तीकडचा रस्ता सोडून मी लांबच्या रस्त्यानं कामावर जायला लागलो. सव्वीस वर्षं लोकांची मोडलेली हाडं बिनधास्त बघणारा मी, एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघायला टरकत होतो.

पण पिंपळानं गप्प बसू दिलं नाही. परवा सकाळी कसा कोण जाणे जुन्या रस्त्याला लागलो आणि लांबूनच ती पालवी दिसली. थांबलो. मोबाइल काढला. फांद्या होत्या तिथंच होत्या, उंच. टाचा उंचावल्या, एक डहाळी कशीबशी धरली, ती निसटून वर गेली. माझ्या हाताला पान लागेना. आणि मग त्या रिकाम्या माळावर मी मोठ्यानं रडलो. "आक्का, एक डाव फांदी धर गं," असं म्हणालो की नुसतं मनात आलं, सांगता येत नाही.

तिथून तसाच वस्तीवर गेलो. तात्याला खरं काय ते सांगायचं ठरवून. पत्र्याची खोली, बाहेर शेळ्या बांधलेल्या. पुढारीण मला बघून ओरडली. मेलीला मी नाही, पाला आठवला असेल. तात्या दारात बसला होता. मी उभ्या उभ्याच बोललो. "तात्या, माझ्याकडं तिचा फोटो नाही. होता एक. मी पुसला. सगळे मीच कापले. मला माफ करा."

तात्यानं बसायला पोतं सरकवलं. "आत या," म्हणाला. "ऊन हाय तवर या."

आत अंधार होता. पूर्वेच्या भिंतीला पत्र्यात वहीएवढं एक भोक, खिडकी म्हणून पाडलेलं. त्या भोकावर चारी कोपऱ्यांना चिकणमातीनं काहीतरी चिकटवलेलं होतं आणि त्यातून सकाळचं ऊन आत येत होतं. निळसर. मला ओळखायला क्षणही लागला नाही. माझंच काम. माझी खराब फिल्म.

पाच बोटं, पंजा, मोडलेलं मनगट. आणि मनगटावर कडं. अख्खं. पांढरंफेक.

"तिनंच लावलीवती," तात्या म्हणाला. "म्या म्हणलो, फेक ती. म्हणली, न्हाई, ह्यात आयचं कडं तसंच हाय. तुकडं मोडून नातीचे वाळे केले, पर सकाळी ऊन आलं का कडं ह्या हातात दिसायचं. त्ये बघायची आन्‌ मंग शेळ्या सोडायची." त्यानं फिल्मकडं बोट केलं. "तोंड लोकायला पाह्यजे व्हतं, सायब. मला काय, मी तोंड बघून रोटी खाल्ली व्हय? ह्या हातची खाल्ली."

जी फिल्म मी तेव्हा चांगली म्हणालो होतो, ती दवाखान्याच्या कुठल्या फायलीत असेल तर असेल. सापडली तरी तिच्यावरून कोणी ओळखणार नाही. तो हात कुणाचाही आहे. हा तिचा होता. माझ्या हजार पानांच्या देठामागं, चौकटीच्या जरासा बाहेर, न हलता, हाच होता.

मी फोटो काढू का विचारलं. तात्यानं माती उकलून फिल्म सोडवली, दारात आला आणि सूर्याकडं तोंड करून दोन्ही हातांनी उंच धरली. मी नेम धरला. डाव्या कोपऱ्यात त्याचा काळवंडलेला अंगठा आला होता, नखात माती. सवयीनं तोंडातून गेलं, "अंगठा जरा..." आणि मी तिथंच गप्प झालो. तात्या म्हणाला, "हलू का?" मी म्हणालो, "हलू नका, तात्या."

काल इम्रानकडं गेलो, मोठा छापून हवाय म्हणालो. त्यानं फोटो पडद्यावर उघडला. पोरगं चळवळं, पण हात माऊसवर तसाच. मग धंद्याच्या सवयीनं त्यानं बाण कोपऱ्यात नेला.

"दादा, हा अंगठा काढू? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," मी म्हणालो. "त्यानंच धरलंय तिला."